माझ्या राखणीतली वांगी

१४ नोव्हेंबर, सकाळ
मला अक्षर येत न्हाई. मी मोबाइलला सांगते, तो लिहितो. मधी तोंड घालत न्हाई, हा त्याचा गुण.
काल अंगद, सून संगीता आन नात शिवकन्या ट्रॅक्टरवर बसून ऊसतोडीला गेले. पोरीला हितं ठेवा, शाळा बुडती, म्हणलं. अंगद हसला. माय, तुझं दूध रोज उतू जातं, तू पोरगी काय सांभाळणार? आधी परसात चार वांगी जगवून दाखव, मग पुढच्या साली ठेवू. संगीता म्हणली, इषारी औषध न्हाई मारायचं, पोरीच्या पोटात जायचं हाय.
चार कशाला? वीस रोपं लावली. कडंनं झेंडू, किडीला चकवा म्हणून.

२ डिसेंबर
पानाखाली मावा. शेजारच्या वत्सलाबाईची माणसंबी तोडीलाच गेलीत, तिला सल्ला द्यायला मीच सापडते. म्हणली, एक तांब्या गोमूत्राला दहा तांबे पाणी घाल. दहा! तिची आमटीबी तसलीच असती. मी बिनपाण्याचं शिंपडलं, वरून लसूण-मिरचीचं वाटण. मावा खलास.

३ डिसेंबर
पानं करपली. थंडीनं.

२१ डिसेंबर
नवे शेंडे आले, त्यांनी माना टाकल्या. आत अळी. वत्सलाबाई म्हणली, शेंडे खुडून जाळ. उरंल काय मग? एक शेंडा चिरून बघितला. एवढ्या घरात एकटीच बसलीवती बिचारी. दोन शब्द बोलले तिच्याशी. मग कोंबडीला टाकली. बाकीच्या ऱ्हाऊ दिल्या, उद्या बघू.

८ जानेवारी, सांज
अंगदचा फोन, दोन मिनिटं. वांगी कशी हायेत? म्हणलं, फुलं लागलीत. झेंडूला लागलीत, खोटं कुठं हाय? शिवकन्या फोनवर आली न्हाई, चाऱ्याला उसाचे वाढे, म्हंजी हिरवे शेंडे, गोळा करायला गेलती.
दूध उतू गेलं. फोनमुळं.

३० जानेवारी
दिवसभर कुणी आलं न्हाई, त्यामुळं कामाला येळ लई. भाकऱ्या आजबी जास्तीच्या झाल्या. पीठच तसलं हाय.

२ मार्च
दोन वांगी धरली. एकात अळी. दुसऱ्यात तिची बहीण.

२६ मार्च
उद्या येणार सगळे. वडगावच्या बाजारातून वांगी आणली, सुतळीनं झाडांना बांधली. लई देखणं दिसतंय. अंगदला ल्हानपणापासून बारीक दिसत न्हाई.

२७ मार्च
शिवकन्यानं पहिलंच वांगं ओढलं. सुतळीसकट हातात आलं. पोरीनं माझ्याकडं बघितलं, सुतळी मुठीत लपवली. कुंपणावरून वत्सलाबाई वरडली, रतनबाई, गाठ तरी बारीक मारायची!
अंगद पोट धरून हसला. मग पाणी प्यायला आत गेला. टोपल्यात वाळलेल्या भाकऱ्या होत्या, रोज चौघांच्या केलेल्या. हसायचा थांबला. एकेक भाकरी उचलून बघितली.
बाहेर येऊन म्हणला, दिवाळीनंतर शिवकन्या हितंच ऱ्हाईल.
म्हणलं, मी म्हणत नव्हते? सांभाळते की मी.
म्हणला, तू न्हाई माय. ती तुला सांभाळंल.
मला! जिला अजून नाक पुसता येत न्हाई, ती?
तोंडापर्यंत आलतं, गिळलं. बोलले असते तर त्यानं इचार बदलला असता.