कागदी प्लेटा

शनिवार, संध्याकाळ. हसनाबाद.

उद्या आम्ही शाळेतल्या सगळ्या बाया अजिंठा लेणी पाहायला जाऊन राह्यलो. डब्याची वाटणी सुनंदाबाईंनी केली. कुणाकडं भाजी, कुणाकडं ठेचा. मला म्हणाल्या, "तुम्ही कागदी प्लेटा आणा, उगं चुलीपाशी कशाला तरास?" मागच्या सहलीलाही प्लेटाच. मला काय रांधता येत न्हाई? की आम्ही बौद्ध म्हणून? विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, तसं काही न्हाई हो.

आणि लेण्यात बुद्धापुढं हात जोडून फोटो काढतील. तिथले भिक्खू दारोदार फिरून, जो वाढील त्याच्या हातचं खायचे.

प्लेटा नेते. बराबर मोजून भाकरीही नेते. प्रत्येक प्लेटेवर आधी माझी भाकरी ठेवीन, मंगच प्लेट पुढं करीन.