शुबर्टचं दुसरं वळण

१२ फेब्रुवारी
ठरलं. सत्तरीची मैफल २० मार्चला, इथेच आपल्या रूसे गावात. टोकियो झालं, मिलान झालं, आता गावालाही कळू दे. शुबर्टचा सोनाटा, पाठ. संकल्प: रोज सहा तास सराव. रकिया बंद, दारूचा एक पेलाही नाही. झोर्नित्साला सांगितलं. ती नुसती 'हं' म्हणाली. एकेचाळीस वर्षं बायको आहे, पण उत्साह म्हणून नाही.

१५ फेब्रुवारी
दोन तास. बाकीचे चार उद्या भरून काढीन. डॅन्यूबवरून धुकं आलं, पियानोच्या कळा दमट झाल्या. रकिया एकच, सर्दीसाठी.

१९ फेब्रुवारी
शुबर्टची गंमत अशी की पहिल्या भागात तीच धून दोनदा येते. पहिल्यांदा एका वळणाने गेलात की मधल्या भागात जाता. दुसऱ्यांदा दुसरं वळण घ्यायचं, तेव्हा कुठे शेवट येतो. चुकीचं वळण घेतलं की पुन्हा सगळी प्रदक्षिणा. हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं.
आज एकदा चुकलं. म्हणजे दोनदा. पियानो लावणाऱ्याला बोलवायला हवं.

२६ फेब्रुवारी
रालित्साचा फोन. माझी विद्यार्थिनी, आता सोफियात शिकवते, परदेशातही वाजवते. म्हणाली, सर, नोटेशन समोर ठेवाल का, हल्ली सगळेच ठेवतात. मी म्हटलं, पाठ नाही म्हणजे येत नाही. जळते बिचारी. मैफलीला येतेय मात्र, यायलाच हवं.

१ मार्च
झोर्नित्साने उजव्या मनगटाला मार्तेनित्सा बांधली. दरसालची लाल-पांढरी दोरी, करकोचा दिसेपर्यंत काढायची नाही, दिसला की झाडाला बांधायची. दुसरं वळण तीनदा चुकलं. कारण सापडलं: दोरी! डाव्या हाताला बांधली. पुन्हा चुकलं. मग काढूनच टाकली.
झोर्नित्साने ती उचलली. अंगणातल्या आलुबुखाऱ्याच्या झाडाला ती दोरी बांधून आली. करकोचा अजून कुठे दिसलाय?

९ मार्च
मंगळवारच्या विद्यार्थ्याला पेडलचा धडा दिला. तो म्हणाला, सर, हे मागच्या मंगळवारी झालं. आणि त्याच्या आधीच्या मंगळवारीही. मी म्हटलं, उजळणी. हुशार शिक्षक उजळणी घेतोच.
झोर्नित्साने डॉक्टरची वेळ घेऊन ठेवली होती. मी फोन करून रद्द केली. माझी बोटं ठणठणीत आहेत.

१४ मार्च
झोर्नित्सा फोनवर रालित्साशी कुजबुजत होती. मी आत गेलो तशी थांबली. सत्काराचा बेत असणार! मी हसून तसं म्हटलं. ती हसली नाही.
"ल्युबेन, ती तोच सोनाटा तयार करतेय. तू वाजवत नाही म्हणालास तर ती वाजवेल."
"मी मेलो नाही अजून."
"म्हणूनच तर तुला विचारतेय."
सूप तसंच ठेवून उठलो. मला भीती वाटली. कसली, ते लिहीत नाही.

२० मार्च, दुपारी ४
काळा कोट इस्त्री करून तयार. आज एकही चूक नाही. वाजवलंच नाही, हातांना विश्रांती दिली. संकल्प: घाई करायची नाही.

२१ मार्च
सुरुवात उत्तम झाली. असा नाद माझ्या हातून दहा वर्षांत निघाला नसेल. मग ते वळण आलं आणि मी पुन्हा मधल्या भागात. हरकत नाही, म्हटलं, पुढच्या खेपेला पकडू. पुढच्या खेपेलाही हात आपले आपण तिकडेच गेले. लोक शांत होते. कोणी खोकतसुद्धा नव्हतं, आणि रूसेचे लोक खोकतातच.
मग रालित्सा मंचावर आली, बाकावर माझ्या शेजारी बसली. हळूच म्हणाली, "सर, आता संपवू या."
मला शेवट आठवेना. ज्याचा शेवट मी चौदा देशांत वाजवला, तो. हात मांडीवर ठेवले. शेवट तिने वाजवला. लोक उठून उभे राहिले. मीही वाकून नमस्कार केला, सवयीने.
सकाळी झोर्नित्साने न विचारताच डॉक्टरला फोन लावला. मी अडवलं नाही. फक्त विचारलं, काल मी किती वेळा फिरलो?
"चार," ती म्हणाली.
मला दोनच आठवतात.