दाइकिचीचं गंधकस्नान

प्रिय फुसाए ताई,

किनुएचा वाकून नमस्कार. बेप्पूत थंडी कशी आहे? भावोजींची कंबर काय म्हणते? तुमच्या गरम कुंडांवर पाहुण्यांची रीघ असेलच. इकडे ओसाकात आमचंही झकास चाललंय.

दाइकिचीच्या (आपल्या सार्वजनिक न्हाणीघराच्या गल्ल्यावर बसणारा बोका, गिऱ्हाइकं आंघोळीपेक्षा त्याला कुरवाळायलाच येतात) कानामागे बटणाएवढं गोल टक्कल पडलं. मी एका नजरेत ओळखलं, शेजारच्या बोक्याशी मारामारी. जन्मभर लोकांच्या उघड्या पाठी बघितल्यात, मला कातडीतलं कळत नाही होय? कॅमेलियाचं तेल चोळलं. एकाची तीन टकलं झाली. वर रोज आंघोळीला येणारी तोमे आजी मनगट खाजवत म्हणाली, "तुझ्या बोक्यानं मला आहेर केला गं!" न्हाणीघरात कातडीचा रोग म्हटल्यावर कोण पाऊल टाकणार? घरोघरी न्हाण्या झाल्यापासून गर्दी आधीच आटलीय. बाबांच्या न्हाणीघराचं धुराडं माझ्या हातून थंड होणार म्हणून रडले मी, खोटं कशाला सांगू?

जनावरांच्या डॉक्टर होत्तांनी अंधार करून जांभळा दिवा धरला. टकलाभोवतीचे केस हिरवे चमकले. "गजकर्ण," ते म्हणाले. (मी म्हटलं, मला वाटलंच होतं.) खात्रीसाठी थोडे केस बशीत रुजत घातले. बुरशी उगवली! मग गोळ्या, वेगळी खोली, अंथरुणं धुणं, गळलेले केस रोज उचलणं, आणि अधूनमधून बोक्याला गंधकाच्या पाण्यानं निथळेपर्यंत भिजवून तसाच वाळू देणं. ताई, सडक्या अंड्यांचा वास! हुबेहूब तुमच्या बेप्पूचा.

वास मागच्या खोलीतून पुढे गेला आणि पुरुषांच्या बाजूनं आरोळी आली, "किनुएबाई, गरम झरा लागला की काय? आम्हाला सांगायचं नाही होय!" मी नुसती हसले. हसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. तेव्हापासून चपला ठेवायला जागा नाही. कुणाचे गुडघे मोकळे झाले, कुणाची झोप परत आली. तेव्हा माझी काळजी सोड.

तुझी,
किनुए

ता. क. दाइकिची ठणठणीत. बशीत आता काही उगवत नाही. मलमानं तोमे आजीही बरी.

ता. क. २. गंधक बंद, वासही बंद. लोक विचारतात, "झरा आटला?" तुमच्या कुंडाकाठची गंधकाची पूड पोतंभर पाठव. भावोजींना बोलू नकोस.

ता. क. ३. नाहीतर पोतं राहू दे, तूच ये. नळाचं पाणी म्हणून जन्मभर मला हिणवलंस. आता गल्ल्यावर बसून चारचौघांत हिणव. मी हूं की चूं करणार नाही. झराबिरा काही नाही, नळाचंच पाणी आहे, हे माझ्या तोंडून निघत नाहीये गं.