खडकेश्वरच्या खेळाडूंना सोडण्याबाबत, माझ्या सहीनिशी

मी, गंगाधर कुशाबा घाडी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त गिरणी कामगार, राहणार मोतीवाला टॉवर (पूर्वीची मोतीवाला चाळ), चौदावा मजला, लालबाग, मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉ. मेघना यांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. नात चार दिवस जेवताना माझ्याकडे बघत नाही, याला कायद्यात दडपण म्हणतात की नाही ते वकिलांनी ठरवावे.

येत्या बुधवारी परळच्या इस्पितळात माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, "काका, आम्हाला हे रोजचंच आहे." त्यांचं रोजचं असेल, माझं पहिलंच आहे. म्हणून गुरुवारी लिहायला घेतले. दादरचे वकील सौमित्र यांनी सांगितले होते, "काका, थोडक्यात लिहा, रागलोभ घालू नका, खाडाखोड तर अजिबात नको." तिन्ही मला जमलेले नाही. जिथे खोडले आहे तिथे बाजूला सही केली आहे.

१. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा एकुलता एक मुलगा हितेंद्र याने करावी.

२. बँकेतली मुदत ठेव आणि पोस्टातली रक्कम हितेंद्रला द्यावी. त्याच्याशी माझं कधी पटलं नाही. सहा वर्षांचा असताना त्याला मी मैदानात उतरवला, पहिल्याच पकडीत तो रडत घरी गेला आणि परत आला नाही. मी त्याला बरीच वर्षं टोमणे मारले. त्याची आई शांता म्हणायची, "तुमका पोरापेक्षा मंडळ प्यारा." ती गेली तेव्हा दवाखान्याचं सगळं त्यानेच केलं, मी नुसता बाकड्यावर बसून होतो. तेव्हा या रकमेवर कोणी हरकत घेऊ नये.

३. खडकेश्वर क्रीडा मंडळाचा शिक्का, नोंदवही, माझी शिट्टी आणि कपाटाची किल्ली आमच्या मुलींच्या संघाची कप्तान वैशाली हिच्याकडे द्यावी. माझ्यानंतर सचिव तीच.

हे मंडळ माझ्या वडिलांनी अठ्ठावन्न साली काढलं. पाळी सुटली की गिरणीतली माणसं अंगावरचा कापूस झटकून चाळीच्या मागच्या मातीत उतरायची आणि कबड्डी खेळायची. त्या मातीवर आता टॉवर आहे. आमच्या मुली सातव्या मजल्यावर, गाड्या लावायच्या जागेच्या डोक्यावर मॅट अंथरून सराव करतात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तीन नोटिसा पाठवल्या की "कबड्डी कबड्डी" हा आवाज सायंकाळी सातनंतर बंद ठेवावा. त्यांना मी माफ करत नाही. हे सोसायटीच्या पुढच्या सभेत वाचून दाखवावे.

आता मुद्द्याचे. तीन वर्षांपूर्वी खाडीपलीकडच्या एका खासगी कॉलेजाने खेळाडूंना दरमहा मानधन द्यायला सुरुवात केली. राहणं, खाणं, बूट आणि वर पंचवीस हजार. अट एकच, की खेळाडूने दुसऱ्या कोणासाठी खेळायचं नाही. मग दुसऱ्या कॉलेजाने तीस केले. आधी मी चाळीतल्या दारादारात जाऊन पोरी गोळा करायचो, आयांची समजूत घालायचो, "ताई, मी स्वतः घरी आणून सोडतो." आता टी-शर्टवर कॉलेजचं चिन्ह लावलेला माणूस सातव्या मजल्यावर उभा राहून मोबाईलवर चित्रण करतो आणि पोरीच्या बापालाच फोन लावतो. गेल्या महिन्यात आठवीतली एक पोरगी नाव घालायला आली. मी विचारलं, चढाई करणार की पकड? ती म्हणाली, "काका, तुमच्याकडून खेळलं तर कुठल्या कॉलेजात घेतात?" वैशाली हसली. मला हसू आलं नाही.

तीन वर्षांत अकरा जणी गेल्या. आज नोंदवहीत सात मुली आहेत. मॅटवर उतरायला सातच लागतात.

आणि माणसं! प्रभादेवीच्या स्पर्धेत आम्ही त्या खाडीपलीकडच्या कॉलेजाविरुद्ध उतरलो, तेव्हा आमच्याच टॉवरमधली वीसेक माणसं त्यांचे फुकट वाटलेले टी-शर्ट घालून समोरच्या बाजूला बसली होती. मी जाऊन विचारलं, तर एक म्हणाला, "काका, आम्ही त्या अमुक पोरीला फॉलो करतो, ती जिथे जाईल तिथे आम्ही." फॉलो म्हणे! तुझा बाप खडकेश्वरच्या मॅचला पाळी बुडवून यायचा रे. त्या वीस जणांनी माझ्या अंत्ययात्रेला जरूर यावे, पण तो टी-शर्ट घालून खांदा देऊ नये.

४. चौदाव्या मजल्यावरची माझ्या नावावरची सदनिका माझी नात नूपुर हितेंद्र घाडी, वय अठरा, हिला द्यावी, परंतु तिने पुढील पाच वर्षे खडकेश्वर क्रीडा मंडळाकडूनच खेळावे, अन्यथा सदनिका मंडळाकडे जाईल.

(वरील कलम ४ शनिवारी खोडले. सही: गं. कु. घाडी)

का खोडले ते लिहितो, नाहीतर मागून लोक भलतेच काही म्हणतील.

नूपुर आमची सातवी. तिच्यासारखी चढाई मी गेल्या वीस वर्षांत बघितलेली नाही, आजोबा म्हणून नाही सांगत, प्रशिक्षक म्हणून सांगतो. तिला त्या खाडीपलीकडच्या कॉलेजाचं, संघात घेतो असं पत्र आलं आहे. जिल्हा संघटनेच्या नियमाप्रमाणे खेळाडूला मंडळ सोडायचं तर सचिवाचं ना-हरकत पत्र लागतं आणि ते सोमवार तीस जून, सायंकाळी पाचच्या आत दादरच्या कचेरीत पोचलं पाहिजे. सचिव मी. पत्र टाईप करून माझ्या टेबलावर बारा दिवस पडलं आहे. सही केली तर मंडळात सहा राहतात आणि वडिलांनी काढलेलं नाव संघटनेच्या यंदाच्या यादीतून पुसलं जातं. नाही केली तर पोरीचं वर्ष जातं. कॉलेजवाले थांबत नाहीत, त्यांच्याकडे रांग आहे.

मला बारा दिवस झोप नाही. छातीत दुखतं ते ह्याचं की त्याचं, तेही कळेनासं झालं आहे.

शनिवारी मी नूपुरला कलम ४ वाचून दाखवलं. वाटलं होतं, पोरगी खूश होईल, लालबागमध्ये घर कोणाला मिळतं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आबा, म्हणजे तू पण बोलीच लावतोयस. त्यांनी पंचवीस हजार लावले, तू फ्लॅट लावलास."

मी ओरडलो. "मंडळ काय आणि ते दुकान काय, सारखंच वाटतं तुला?"

"मंडळ मला आवडतं रे," ती म्हणाली. "पण ते गुडघ्याचा विमा काढतायत. वैशालीताईचा गुडघा गेला तेव्हा मंडळाने काय केलं? वर्गणी काढली ना? अजून लंगडते ती." मग रडत आत गेली.

वैशालीच्या ऑपरेशनची वर्गणी मीच फिरवली होती. निम्मीसुद्धा जमली नाही. बाकीचं तिने दागिने मोडून भरलं आणि दोन महिन्यांत पट्टी बांधून परत सातव्या मजल्यावर हजर झाली. याला मी आजवर निष्ठा म्हणत आलो आणि दर गणेशोत्सवात माईकवरून सांगत आलो. शनिवारी पहिल्यांदा लाज वाटली.

५. हे कलम वाटपाचे नाही. तरी लिहितो, कारण बुधवारी काही झालं तर ते माझ्याबरोबर जाईल.

माधव रामचंद्र परब हा माझा पन्नास वर्षांचा मित्र. सत्त्याऐंशी साली तो आमचा पहिला चढाईपटू होता. त्या वर्षी एका बँकेने आपल्या संघासाठी त्याला नोकरी देऊ केली. कायमची नोकरी, पेन्शनसकट. संप होऊन गेलेला, गिरण्या बंद, घरात चूल कशी पेटते ते ज्याचं त्याला ठाऊक. बँकेला संघटनेच्या कचेरीमार्फत मंडळाचं ना-हरकत पत्र हवं होतं. मी पत्र लिहिलं, सहीसुद्धा केली. पण नऊ दिवसांवर अंतिम सामना होता आणि पत्र गेलं की माधव आमच्याकडून उतरू शकत नव्हता. मी ते शांताच्या शिलाई मशीनच्या खणात ठेवलं. म्हटलं, नऊ दिवसांनी काय बिघडतंय. बँकेची मुदत सातव्या दिवशी संपली.

आम्ही ढाल जिंकली. माधवला खांद्यावर घेऊन भारतमाता थिएटरपर्यंत मिरवला.

त्याला मी सांगितलं की पत्र संघटनेच्या कचेरीत गहाळ झालं. तो तीनदा तिथे जाऊन भांडला. तिसऱ्यांदा मी बरोबर होतो. त्याने त्या गरीब कारकुनाला नाही नाही ते ऐकवलं आणि मी शेजारी उभा राहून मान डोलावली. मग माधवने मसाल्याच्या गल्लीत डंकावर मिरच्या कुटायचं काम धरलं. एकतीस वर्षं केलं. त्याचा खोकला आमच्या मजल्यावर लिफ्टच्या आधी ऐकू येतो. शांताला हे माहीत होतं. तिने मला कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या मशीनवर परत शिवलंही नाही.

माधवने आजपर्यंत मंडळाची एक मॅच चुकवलेली नाही. आमच्या बाजूला पहिल्या रांगेत बसतो. हे मी कसं सहन केलं, मलाच कळत नाही. मंडळाने ती ढाल ठेवावी, मात्र सचिव म्हणून तिच्यावर असलेलं माझं नाव खरवडून काढावे.

माधव, तुझी नोकरी कचेरीतल्या माणसाने घालवली नाही, मी घालवली. मंडळासाठी केलं असं म्हणायची आता माझी हिंमत नाही.

६. (सोमवार, ३० जून, सकाळ.) सदनिका नूपुरला द्यावी. कोणतीही अट नाही. ती कोणाकडूनही खेळो, न खेळो, उद्या खेळ सोडून बँकेत बसो. हितेंद्रला मात्र हयातभर तिथे राहण्याचा हक्क राहील.

७. नूपुरच्या ना-हरकत पत्रावर आज सकाळी साडेनऊला मी सही केली, शिक्का मारला. शिक्का तिरका आला आहे, तो बनावट समजू नये.

सातवी मुलगी कुठून आणायची ते मला माहीत नाही. वैशाली म्हणते, "काका, पुढच्या वेळी गुडघ्याचा विमा आधी काढू, मग पोरी मागू." त्यासाठी माझी गिरणी कामगार म्हणून येणे असलेली रक्कम, जी कधी येईल ते सरकारच जाणे, आली तर मंडळाला द्यावी. यंदा नाव पुसलं गेलं तर पुढच्या वर्षी परत घालावं. मला भीती वाटते की एकदा पुसलं की कोणी घालणार नाही. वैशाली, तू घाल.

८. नूपुरसाठी. बाळ, कॉलेजच्या रंगात तू कधीतरी खडकेश्वरसमोर उतरशील. मी जिवंत असलो तर आमच्याच बाजूला बसेन आणि तू चढाईला आलीस की सगळ्यांत मोठ्याने "धर तिला!" म्हणून ओरडेन. मनापासून ओरडेन. तू मनावर घेऊ नकोस, आणि माझ्याकडे बघून पाय आखडता घेऊ नकोस. मी गेलो असेन तर हे ओरडण्याचं काम तुझ्या बापाने करावे. त्याने मला आयुष्यात कधी एका मॅचला साथ दिली नाही, ही एक द्यावी.

९. वकील म्हणतात, साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही करताना मला बघितलं की पुरे. तरीही हे सगळे कागद मी आज माधवला वाचायला देणार आहे. वाचून त्याने सही करावी किंवा करू नये. साक्षीदार असल्याने त्याला या मृत्युपत्रातून काहीही दिलेले नाही. त्याने सही केली नाही, तर वकिलांनी दुसरा साक्षीदार बघावा. त्याची जागा शेवटी मोकळी सोडली आहे.

वर लिहिले ते सर्व माझे आहे, चुकांसकट. समजून उमजून सही करतो.

स्थळ: लालबाग, मुंबई
दिनांक: ३० जून २०२५, दुपारी सव्वादोन

सही: गंगाधर कुशाबा घाडी

साक्षीदार पहिला: सौमित्र दामले, वकील, दादर. मृत्युपत्रकर्त्याने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: माधव रामचंद्र परब, मोतीवाला टॉवर, नववा मजला. सगळे वाचले. दोनदा वाचले. गंगाधरने माझ्यासमोर सही केली, मीही करत आहे. नूपुरचे पत्र त्याच्या टेबलावरून मी उचलले आहे. दादरला मी स्वतः नेऊन देतो आणि पोच घेऊन येतो, याच्या घरात ते ठेवत नाही. गंग्या, बाकीचं ऑपरेशन झाल्यावर बोलू. मला खूप बोलायचं आहे, तोवर मरायचं नाही.