दोष गिअरबॉक्सचा नव्हता

अण्णा,

गुरुजींची गाडी गेले पंधरा दिवस गॅरेजमध्ये उभी होती आणि तिला काहीही झालेलं नव्हतं. मी मात्र त्यांना रोज फोनवर सांगत होते की गिअरबॉक्स उतरवलाय, पार्ट पुण्याहून यायचाय. आज सकाळी त्यांना खरं सांगितलं, पण निम्मंच. उरलेलं निम्मं तुमच्यापर्यंत जातं, म्हणून आधी तुमच्याशी बोलायला बसले आहे. गुरुजी म्हणजे तुमचेच ते, शाळा सुटली की गॅरेजच्या बाकड्यावर बसून आपला पेपर तुम्हाला वाचून दाखवणारे. तुम्ही गेलात तेव्हा त्यांची नोकरी संपत आली होती, आता पंचाहत्तरी उलटली आहे. अजून स्वतः गाडी चालवतात, म्हणजे पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत चालवत होते.

दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा आले. म्हणाले, "पोरी, रिव्हर्स टाकला की खर्रर्र वाजतंय. पहिला गिअरबी पडाय मागंना. गिअरबॉक्सच हाय, मी सांगतो तुला." मी तुम्ही शिकवलंत तसंच केलं. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघितले, एकही अडला नाही. म्हणजे गिअरबॉक्स बरा असणार आणि क्लच पुरता सुटत नसणार. गिअरबॉक्समधलं थोडं ऑइल तळहातावर घेऊन उन्हात धरलं, त्यात पितळेचा चुरा चमकत नव्हता, जळका वासही नव्हता. क्लचचं ऑइल बदलून दिलं. आठ दिवसांत परत आले, तेच. मी चालवली तर गाडी मुकाट चालते, ते घेऊन गेले की वाजते. तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी सरळ क्लच प्लेट बदलून टाकली, काही गरज नसताना. तुम्ही असता तर सगळ्यांसमोर झापलं असतं. एकदा झापलं होतंच. डिप्लोमा घेऊन नुकती गॅरेजमध्ये आले होते आणि तुमची वाट न बघता एक गिअरबॉक्स खोलून बसले होते. तुम्ही पाना माझ्या हातातून काढून घेतलात आणि म्हणालात, "उघडाय कुणालाबी येतंय. न उघडता सांगतंय त्यो मिस्त्री." त्या दिवशी मी जेवले नव्हते, इतकं लागलं होतं.

गुरुजी तिसऱ्यांदा आले तेव्हा मला तुमची रीत आठवली. गिऱ्हाइकाला तुम्ही म्हणायचा, "पावणं, तुमीच चालवा, मी मागं बसतो." शेजारी नाही बसायचं. शेजारी मिस्त्री बसला की माणूस परीक्षेला बसल्यागत नीट चालवतो, असं तुमचं म्हणणं. मागं, डाव्या कोपऱ्यात बसायचं, म्हणजे दोन सीटच्या फटीतून त्याचा डावा पाय दिसतो आणि हात दिसतो. कोण क्लचवर पाय ठेवूनच गाडी हाकतो, कोण गिअरच्या दांड्यावर हात टाकून निवांत बसतो, ते तिथून कळतं. निम्मे आजार गाडीला माणसापासून लागतात, हे मी तिथंच शिकले. तर मी गुरुजींच्या मागं बसले. आम्ही रंकाळ्याला वळसा घालून फुलेवाडीकडं निघालो. ते मला त्यांच्या सौभाग्यवतींच्या माहेरचं सांगत होते, गडहिंग्लजला मेव्हणीच्या घराची वास्तुशांत आहे, पुढच्या महिन्यात दोघांनी गाडीनं जायचंय, तोवर तेवढं आवाजाचं बघ.

आणि मी बघत होते. त्यांची डावी चप्पल पायातून कधीच निसटून पडली होती. अनवाणी पाऊल क्लचवर तिरपं टेकलेलं, पेडल निम्म्यात थांबलेलं, आणि गुरुजी पूर्ण दाबलंय अशा समजुतीनं गिअर ओढत होते. खर्रर्र. "ऐकलंस?" म्हणाले. चप्पल ब्रेकच्या पेडलखाली सरकत चालली होती. मी "गुरुजी, जरा बाजूला घ्या, फोन आलाय" असं म्हणून गाडी थांबवायला लावली आणि परत येताना मी चालवली. खाली उतरल्यावर ते चपलेशिवाय चार पावलं चालले आणि मग म्हणाले, "आरं, चप्पल कुठं गेली?" मी गाडीतून काढून दिली. "गिअरबॉक्सच हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "व्हय गुरुजी, ठेवून जावा. उघडून बघाय लागतंय." तोंडातून निघून गेलं. मला त्यांचं नाही, तुमचं पाऊल दिसत होतं.

तुम्ही एका चपलेनिशी चहाच्या गाड्यावर जाऊन आला होता तो दिवस मला आठवतो. सगळे हसले, तुम्हीही हसलात. मग त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी आई चुलीपाशी भाकरी थापतेय, तुम्ही मोरीत पाय धुताय, मी तांब्यानं पाणी घालतेय, आणि तुमच्या तळव्याला रुपयाएवढा भाजल्याचा फोड. गरम सायलेन्सरवर पाय पडला असणार. मी विचारलं, "कधी भाजलं?" तुम्ही पाय वळवून बघितलात आणि तुमचा चेहरा असा झाला, जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा आहे. "आईला सांगू नकोस. उगं डोकं खाईल." तुम्हाला साखरेचा आजार आहे हे घरात माहीत होतं, साखरेनं पाय मुका होतो हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी तुमच्या चपलांना मागून इलॅस्टिकचा पट्टा शिवून दिला आणि माझं कर्तव्य संपलं असं समजले. तुम्ही गाडी चालवू नका, एवढं वाक्य मी बोलले नाही. बावीस वर्षांची होते. तुम्हाला तसं कोण म्हणणार होतं?

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण आपण ते कधी बोललो नाही, म्हणून लिहिते. गुरुजींची जुनी गाडी तुम्ही फिरवून आणायला काढलीत. कोपऱ्यावर कोडोलीचा गवळी सायकलला किटल्या अडकवून उभा होता. गाडी थांबायची ती पुढं गेली. रस्ताभर दूध आणि तो किंचाळत होता, त्याचा पाय गुडघ्याखाली मोडला होता. तुम्ही स्टिअरिंग धरून बसलेले. लोक अंगावर धावून आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "गिअर अडकला. न्यूट्रलला येईना." दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी पडून होता तेव्हा मी एकटीनं तो गिअरबॉक्स उतरवला आणि उघडला. देवाची शपथ, काहीतरी सापडावं म्हणून उघडला. ऑइल स्वच्छ. गिअरचे दाते शाबूत. गिअर सरकवणारे फोर्क सगळे सरळ. मी बराच वेळ तसेच तेलकट हात घेऊन बसले. मग भंगाराच्या पेटीतून एक वाकलेला फोर्क शोधला, डिझेलनं धुतला आणि टेबलावर ठेवला. दुपारी गुरुजी आले, त्यांच्या हातात तो दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि खाली बसले. "महिनाभर आवाज येत हुता. मीच चालढकल केली," म्हणाले. आवाज येत होता तो गाडीच्या पत्र्याचा, अण्णा. तुम्हीच त्यांना तसं सांगितलं होतं.

तेवढ्यात तुम्ही आलात. गुरुजींनी तो फोर्क तुमच्या हातात दिला. तो दुसऱ्याच गाडीचा होता, त्याचं एक टोक रुंद होतं. अंधारात नुसत्या बोटांनी कुठल्या गाडीचा फोर्क आहे ते सांगणारा माणूस तुम्ही. तुम्ही तो हातात धरलात, माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "व्हय. ह्योच." त्या दोन शब्दांवर आपलं गॅरेज उभं आहे. त्यानंतर तुम्ही कधी गाडी चालवली नाही. प्रत्येक वेळी मला म्हणायचा, "तू फिरवून आण." लोक म्हणाले, मिस्त्री लेकीला पुढं करतोय, असा बाप पाहिजे. मी मान डोलवायचे. दोन वर्षांनी त्याच पायाची जखम चिघळून तुम्ही गेलात आणि गॅरेज माझ्याकडं आलं. मला तुमचा राग येतो. तुम्ही त्या वेळी "हा ह्या गाडीचा न्हाई" असं म्हणायला हवं होतं. मला एक कानाखाली मारायला हवी होती. तुम्ही मला वाचवलंत की मी तुम्हाला, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि दोघांच्या मध्ये गुरुजी भरडले गेले.

ते महिनाभर रोज त्या गवळ्याला दवाखान्यात डबा घेऊन जात होते. वर्षाच्या आत ती गाडी काढून टाकली. नवीन घेतली, पण तेव्हापासून गाडीत खुट्ट झालं की घेऊन येतात. बाकीची मेकॅनिक मंडळी त्यांना हसतात, वहमी म्हातारा म्हणतात. मी कधी हसले नाही, पण हसू नका असंही कुणाला म्हणाले नाही. त्यांच्या डोक्यात गिअरबॉक्सचं भूत मीच घातलंय. म्हणून तर स्वतःचा पाय मुका झालेला असताना त्यांना गिअरबॉक्सच दिसला.

आज सकाळी ते न सांगता गॅरेजवर आले. गाडी कोपऱ्यात उभी, गिअरबॉक्स जागच्या जागी, बॉनेटवर धूळ. म्हणाले, "ही तर उघडलीच न्हाईस की. दुसरीकडं नेतो मी, दे चावी." मी त्यांना खुर्चीवर बसवलं, चपला काढायला लावल्या आणि खाली बसले. "डोळं मिटा गुरुजी."

"आता काय ज्योतिष बघतीस व्हय?"

"मी तुमच्या पायाच्या बोटाला बोट लावणार. कुठल्या बोटाला लावलं ते सांगायचं."

त्यांनी शाळेतल्या मुलासारखे डोळे घट्ट मिटले. मी त्यांचा डावा अंगठा धरला, दाबला. ते तसेच बसून होते. मी करंगळी दाबली, मग मधलं बोट, नख रुतेल एवढं. थोड्या वेळानं कंटाळून म्हणाले, "लाव की."

"लावलंय गुरुजी."

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या हाताकडं बघितलं. स्वतःच अंगठा चिमटून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे गाडी बरी हाय." मी म्हणाले, ठणठणीत आहे. "मग पंधरा दिवस कशाला अडकवून ठेवलीस?" मी म्हणाले, तुम्ही चालवू नये म्हणून, आणि सांगायचं धाडस होत नव्हतं म्हणून. मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. खिशातली दुसरी चावी काढून टेबलावर ठेवली. गडहिंग्लजला आम्ही एसटीनं जाऊ, म्हणाले. उद्याच डॉक्टरकडं जातो, म्हणाले. मग चपलेत पाय घालताना, डोळ्यांनी बघून बघून घालताना, म्हणाले, "त्या येळंला माझ्या गाडीनं त्या गवळ्याचा पाय मोडला. आता माझ्या पायानं कुणाचा तरी मोडला असता. संक्रांतीला जातो मी त्याच्याकडं कोडोलीला, अजून त्याच्या चालण्याकडं बघवत न्हाई मला. त्यावेळी कुणी सांगितलं असतं मला, गाडी बाहेर काढू नका म्हणून, तर बरं झालं असतं."

अण्णा, दार उघडून दिलं होतं त्यांनी. एक वाक्य बोलायचं होतं. तुमच्या गाडीला तेव्हाही काही झालं नव्हतं, गुरुजी. एवढंच. ते समोर, मी समोर, गॅरेजमध्ये तिसरं कुणी नाही. मी म्हणाले, "चहा सांगू का?"

"सांग," म्हणाले. "बिनसाखरेचा."

चहा पिऊन ते रिक्षानं घरी गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला तो हात झटकून टाकावासा वाटला. आजवर मी स्वतःला सांगत आले की तुमच्या नावासाठी गप्प आहे, मेलेल्या माणसाला काळं कशाला फासायचं. ते खरं नाही. तुमच्या नावाला आता काही होत नाही. तो फोर्क मी धुतला होता, मी ठेवला होता, आणि दारावरच्या पाटीवर आता माझं नाव आहे. न उघडता सांगणारी बाई म्हणून लोक लांबून गाड्या घेऊन येतात.

आणखी एक कबूल करते. दुपारी वही घेऊन बसले तेव्हा पानावर वर "गुरुजी" असं लिहिलं होतं. त्याच्या पुढं अर्धा तास एक अक्षर निघालं नाही. मग ते पान फाडलं, दुसऱ्या पानावर "अण्णा" लिहिलं आणि सगळं भराभरा आलं. तुम्हाला लिहिलेलं कुठं नेऊन द्यावं लागत नाही, एवढंच त्याचं कारण. गुरुजींचं घर इथून चालत दहा मिनिटांवर आहे.