पहिल्या हाकेला

आई, काल रात्री पुन्हा फोटो काढायला बाहेर पडले. तू असतीस तर म्हणाली असतीस, अकरा वाजून गेल्यावर बायकामाणसाने गल्लीत काय फोटो काढायचे असतात? पण झोप हल्ली माझ्याशी कट्टी करून बसली आहे, आणि अंथरुणात कुशी बदलत पडण्यापेक्षा आपलं चामराजपुरम गल्लीगल्लीने फिरून यावं हे बरं. दिवसा लोकांच्या दारांचे फोटो काढले की आतून कोणीतरी येऊन विचारतं, घर विकत घ्यायचंय का म्हणून. रात्री कुत्री सोडली तर कोणी चौकशी करत नाही. मी फक्त दारं टिपते. काय शोधतेय ते सुरुवातीला माझं मलाही कळत नव्हतं. आता कळतं, आणि तुला तर सांगायलाही नको.

मी लहान होते त्या वर्षी सगळ्या गावात एकच गोष्ट पसरली होती. रात्री काहीतरी येतं, घरातल्याच माणसाच्या आवाजात नावाने हाक मारतं, पहिल्या हाकेला ओ दिली की माणूस गेलाच. उपाय असा, की दारावर कन्नडात ‘नाळे बा’ लिहायचं, म्हणजे उद्या ये. ते वाचून परत जातं, दुसऱ्या दिवशी येतं, पुन्हा वाचतं, पुन्हा जातं. अण्णांना हसू आवरत नव्हतं. बन्नूरला शाळेत विज्ञान शिकवणारा बाप माझा. पण तू हट्टाला पेटलीस तेव्हा त्यांनी शाळेतला खडू आणला आणि सुरेख अक्षरात लिहिलं. वर म्हणाले, आपण मराठी माणसं, आपल्याकडे मराठी भूत आलं तर ते वाचणार कसं? म्हणून खाली लिहिलं, ‘उद्या या’. भुताला अहोजाहो केलेलं बघून मी पोट धरून हसले होते. तूही हसलीस. मला तुझं तसं हसणं त्यानंतरचं आठवत नाही.

बस चुकली की अण्णा बन्नूरलाच एका सहकाऱ्याकडे राहायचे. त्या दिवशीही अंधार पडला तरी आले नाहीत, तेव्हा तू जेवणं उरकलीस, दाराला अडसर घातलास आणि आपण निजलो. मग ती हाक येते. तुझ्या नावाची. आवाज अण्णांचा, पण खालचा, ओढल्यासारखा. मी उठून बसते. तू माझ्या तोंडावर हात ठेवतेस, हाताला लसणाचा वास आहे, आणि तुझे ओठ हलताहेत. तू दुसऱ्या हाकेची वाट बघते आहेस. माणूस असेल तर पुन्हा हाक मारेल. दुसरी हाक येत नाही.

पहाटे सडा घालायला तू दार उघडलंस तेव्हा अण्णा कट्ट्यावर भिंतीला टेकून बसलेले होते, अंग गार, मांडीवर पिशवी, पिशवीत बन्नूरच्या बाजारातल्या पावट्याच्या शेंगा. बस वाटेत बंद पडली होती आणि स्टँडपासून ते छातीत कळा येत असताना चालत आले होते, हे आपल्याला मागाहून समजलं. शेंगा कुणीतरी गाईला घातल्या. दारावरची अक्षरं मात्र तू सगळ्यात आधी ओल्या फडक्याने पुसलीस, माणसं जमायच्याही आधी. आत्याने दिवस संपायच्या आत सगळ्यांसमोर विचारलं, “हाक ऐकलीस आणि पडून राहिलीस?” तू एकदा तिच्याकडे बघितलंस आणि मान खाली घातलीस. ती पुन्हा फारशी वर आलीच नाही. त्यानंतर आपल्या दाराला तू कधी अडसर घालू दिला नाहीस. मांजराने दार खाजवलं तरी धडपडत उठून उघडायचीस, आणि उघडून अंधारात बघत उभी राहायचीस. मला तेव्हा फार राग यायचा. आता फक्त वाईट वाटतं.

तर काल. मागच्या गल्लीतल्या बंद घराच्या दारावर नव्या रंगाखालून जुना रंग वर आला आहे, आणि त्यात ‘नाळे बा’ स्पष्ट दिसतं. ऑइलपेंटने लिहिलेलं, म्हणून टिकलं असावं. मी फ्लॅश मारून फोटो काढला. घरी परतून फाटक उघडत होते, तर मागून अंधारातून कोणीतरी माझं नाव घेतलं. मी ओ दिली नाही. एवढे केस पांढरे झाले तरी हाडातली भीती तीच. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा वळून पाहिलं, तर समोरच्या अक्का कट्ट्यावर बसलेल्या. त्याही आता रात्र रात्र जाग्या असतात. एवढ्या रात्री कसले फोटो काढत फिरतेस, असं विचारत होत्या. मी शेजारी बसून मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचलं.

मग म्हणाल्या, “आम्ही पण ऐकली होती ती हाक. मी उठत होते, तर हे म्हणाले, सुम्ने मल्को, गप पडून राहा. खिडकीसुद्धा उघडली नाही गं बाई आम्ही. तुझ्या आईला सांगायला कितीदा निघाले, तुमच्या फाटकापर्यंत येऊन परत गेले.”

म्हणजे आई, गल्लीभर ऐकू गेली असणार ती हाक. सगळे आपापल्या अंथरुणात दुसऱ्या हाकेची वाट बघत पडले होते, आणि उरलेलं आयुष्य मान खाली घातली ती तू एकटीने. मला संताप आला. त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं, की हे एक वाक्य तुम्ही तेव्हा फाटकाच्या आत येऊन बोलला असतात तर माझी आई रात्रीची झोपली असती. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, तू आत्याकडे बघितलं होतंस तशा.

मी म्हटलं, “आई म्हणायची अक्का, त्या रात्री जो तो घाबरलेला होता. दार उघडलं नाही त्यात कुणाचा दोष नाही.” त्या रडल्या, मग मला लवकर झोप म्हणून सांगून आत गेल्या.

तू असं कधीच म्हणाली नव्हतीस. मीच ते तुझ्या नावावर खपवलं. इतकी वर्षं एका घरात राहून ते वाक्य मी तुझ्यासाठी मनात घोळवत होते, आणि काल रस्त्यावर बसून अक्कांना देऊन टाकलं.