न मागितलेला फोटो

४ जून १९९६

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

इकडे सगळं ठीक. तुझी भाची बारावी पास झाली. मार्क बरे पडले, त्या आनंदात दोन दिवस घरात शांतता होती. तिसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं, की तिला पत्रकारितेची पदवी घ्यायची आहे. तीन वर्षं, परगावी, वसतिगृहात राहून. तू तिला लहानपणी टिटवी म्हणायचास ते उगीच नाही. तेव्हापासून माझ्या कानाशी तेच चालू आहे.

हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री करून ही फी कुठून भागायची? म्हणजे मग तिच्या बाबांचे पैसे. बॉयलर फुटला तेव्हा कारखान्याने जी भरपाई दिली ती मी मुदत ठेवीत टाकली, आणि नऊ वर्षांत तिला हात लावला नाही. आमच्या मेट्रन म्हणतात, मुलीला नर्सिंगला घाल, कोर्स संपायच्या आत नोकरी आहे. तुझा जन्म वर्तमानपत्रात गेला. या पदवीवर पोट भरतं का, ते मला खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

रात्रपाळीत चहावर चहा पिऊ नकोस. मायेत आहेसच.

तुझी
ताई


११ जून १९९६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. टिटवीला नाही म्हणणं माझ्या अगदी जिवावर येतं, म्हणून दोनदा लिहायला बसलो आणि उठलो. पण तू खरं विचारलंस, तेव्हा खरंच लिहितो.

आमच्या टेबलावर आम्ही सहा उपसंपादक. निम्म्यांकडे पदवी आहे, निम्म्यांकडे नाही, आणि पगाराच्या दिवशी सगळ्यांची तोंडं सारखीच उतरतात. आम्हाला त्या वेळी नुसत्या लिहिण्यावर घेतलं. आता मुलाखतीला बोलावतात ते पदवीवाल्यांनाच, हेही खोटं नाही. पण पुढे वर्षानुवर्षं उमेदवारी, आणि कायम करायची वेळ आली की हातात नारळ. पदवीने दार उघडतं म्हणतात. आमच्या दाराला मुळी कडीच नाही, कोणीही आत येतो आणि कोणालाही बाहेर काढतात. घातलेले पैसे परत यायला दहा वर्षं तरी लागतील, तेही नोकरी टिकली तर.

भाऊजींच्या पैशांना हात लावू नकोस. तिला नर्सिंगला घाल. लिहायची हौसच असेल तर तिचे लेख मी छापून आणीन. तिच्या रागाचा धनी मी होतो, खुशाल माझं नाव सांग.

वाईटपणा घेतला तरी लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझा
धाकटा


१८ जून १९९६

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईने मला वाचायला दिलं. तू फितूर आहेस. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

पगाराचं तू म्हणतोस ते सगळं खरं असेल. मी तुझ्याशी त्यावर वाद घालत नाही. पण बाबा गेले त्या दुपारी मला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं, आणि संध्याकाळी घरी आले तर भिंतीवर नुसता खिळा. बाबांचा एकच चांगला फोटो होता. कारखान्याच्या सहलीतला, कोणाची तरी छत्री उलटी करून डोक्यावर धरलेला, हसताना. काकू म्हणाल्या, पेपरवाला आला होता, तो घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी तो छापून आला, खाली चार ओळी, त्यातही वय चुकलेलं. फोटो परत आलाच नाही.

घरातला माणूस गेलाय आणि हा भिंतीवरून त्याचा फोटो उतरवून नेतो, तो माणूस असेल तरी कसा, याचा मी नऊ वर्षं विचार करते आहे. मला त्याच्या जागी जाऊन ते काम नीट करायचं आहे. बाबांचे पैसे याहून चांगल्या कामाला कसे लागतील ते तूच सांग.

यातलं आईला काही कळू देऊ नकोस. फोटोचा विषय निघाला की ती दिवसभर बोलत नाही.

रागावलेली, पण तुझीच
टिटवी


२ जुलै १९९६

चि. धाकट्यास,
अ. आ.

तू लिहिलेलं सगळं पटलं, आणि काल ठेव मोडली.

हे पैसे कशासाठी ठेवलेत असं तिने मला विचारलं. मला सांगता येईना. तिच्या लग्नासाठी म्हणावं तर तेही तोंडातून निघेना. बँकेतल्या बाईने सही कुठे करायची ते दोनदा दाखवलं. बाहेर आले तेव्हा तिचे बाबा पुन्हा एकदा गेल्यासारखं वाटलं. हे तुझ्याजवळ ठेव, तिला लिहू नकोस.

तुझी
ताई


२१ नोव्हेंबर १९९९

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मामाचं वर्तमानपत्र बंद पडल्याचं त्याने तुला कळवलं असेलच. आता तो औषधांच्या खोक्यांत घालायचे कागद तपासतो. रात्री जेवणानंतर एक गोळी, यात चूक काढायला काहीच मिळत नाही म्हणतो. त्याच्या ओळखीने मला इथल्या एका दैनिकात उमेदवारी मिळाली खरी, पण मिळतात ते पैसे खोलीच्या भाड्यातच संपतात. मेसचे तू पाठवतेस म्हणून भागतं. तीन वर्षं शिकून मी अजून तुझ्याच चादरींवर जेवते आहे.

चार दिवसांपूर्वी बांधकामावरची भिंत पडून एक गवंडी गेला. अशा घरी आमच्याकडे नव्या माणसाला धाडतात, माहिती आणि फोटो आणायला. मी गेले. एक खोली, दारात चपलांचा ढीग. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. समोरच्या फळीवर फोटो होता, डबे बाजूला सारून मधोमध ठेवलेला. मी नाव विचारलं, वय विचारलं, दोघातिघांकडून खात्री करून घेतली. तिने मला पाणी दिलं. फोटो काही मी मागितला नाही. मला आपली भिंत दिसत होती, आई, आणि तो खिळा. बाबांचा फोटो नेणाऱ्यासारखं मला व्हायचं नव्हतं. ऑफिसात सांगितलं की घरात फोटो नाही.

बातमी बिनचूक छापून आली. आणि काल ती बाई ऑफिसात आली. फोटो टॉवेलात गुंडाळून आणला होता. तिने मला हळूच विचारलं, "ताई, त्याचा फोटो छापण्यासारखा नव्हता का?" मी येणार हे तिला कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून तिने तो पुसून समोर काढून ठेवला होता. मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, परवाची बातमी आता शिळी झाली. तिला ते सांगायलाही मलाच जावं लागलं.

बाबांचे सगळे पैसे घालून मी हे शिकले. नर्सिंगचंही राहून गेलं. घरी येऊ का?

तुझी
टिटवी


२६ नोव्हेंबर १९९९

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दुपारच्या सुट्टीत वाचलं. पुढच्या दोन चादरी करपल्या. मुकादम माझ्याकडे बघून निघून गेला.

बाबांचा फोटो कोणी नेला नाही गं. तो पेपरवाला मुलगाच होता, आताच्या तुझ्याएवढा. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. वय विचारलं, आणि मला त्या घटकेला तुझ्या बाबांचं वय आठवेना. तोंडाला येईल ते सांगितलं, ते त्याने लिहून घेतलं. फोटो त्यानेही मागितला नाही. तसाच वळून जिना उतरला. मला वाटलं, आता ह्यांचं तोंड कोणालाच दिसणार नाही. मीच भिंतीवरचा फोटो उतरवला आणि अनवाणी त्याच्यामागे रस्त्यापर्यंत धावले. त्याच्या हातात कोंबला. तो रडत होता. परत का आला नाही ते मला ठाऊक नाही. मी त्याच्यावर कधी रागावले नाही. फोटोचं निघालं की मी गप्प होते, ती ह्यांच्या आठवणीने.

तू हे मनात धरून बसलीयस हे मला ठाऊक असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. मग तू हे शिकायला गेली असतीस का, आणि मी ठेव मोडली असती का, कोण जाणे. पैशांचं मनाला लावून घेऊ नकोस. ते गेले ते गेले.

घर तुझंच आहे, केव्हाही ये. पण येण्याआधी एकदा त्या बाईकडे जा. फोटो माग. आता छापायला नाही, बघायला. हातात घेऊन बघ, आणि हा कुठे काढला, केव्हा काढला, ते तिला विचार. मला ते आजवर कोणी विचारलं नाही. ती छत्री माझी होती.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहे तशीच आहे.

तुझी
आई